झेंडा हातात, पाणी वरून

पोरांनी तीन बैठका नुसत्या रुमालावर घातल्या. निळ्या रुमालावर.

झालं असं. २६ जानेवारीच्या निमित्तानं गोवा हायवेनं एक तिरंगा दौड येणार होती. एका मंडळाची. महाडकडून निघायचं, माणगाव, कोलाड, नागोठणे, वडखळ, पेण असं करत पनवेल गाठायचं अन् तिथून पुढं मुंबई. झेंडा एकच, हात बदलते. शिवजयंतीला रायगडावरून ज्योत येते ना, अगदी तस्संच. प्रत्येक टप्प्यावर त्या त्या गावची पोरं उभी, मागनं आलेल्यानं काठी पुढच्याच्या हातात द्यायची अन् बाजूला होऊन धापा टाकायच्या. सगळे स्वखुशीचे, कुणाला दमडी नाही. पळस्पे फाट्यापासून पनवेलपर्यंतचा तुकडा आमच्या वस्तीतल्या पोरांना मिळाला. देणाऱ्यानं वर एक अट सांगितली : गळ्यात निळा रुमाल नको. दौड देशाची आहे, समाजाची नाही.

आता ह्याच मंडळानं दौडीचा शुभारंभ नारळ फोडून केला, आरती केली, कपाळाला गंध लावलं. ते समाजाचं नाही, ते देशाचं! आमचा रुमाल तेवढा समाजाचा. पोरं भडकली. बरोबरच आहे. एक गट म्हणाला, रुमाल घालूनच धावू, काय करतील? दुसरा म्हणाला, धावायचंच नाही, गेली त्यांची दौड उडत. तिसरा गट गप्प होता, कारण त्यांना धावायचं होतं. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं ती. त्यांना रस्ता मोकळा मिळणार, लोक टाळ्या वाजवणार, फोटो येणार. ह्यात काही पाप नाही.

शेवटी एकजण माझ्याकडं आला. म्हणाला, "काका, तुम्ही सांगा. रुमाल काढून धावायचं का?"

मी म्हणालो, काढ. झेंड्याच्या मधोमध जे चक्र आहे ते निळंच आहे, ते काढा म्हणून सांगायला अजून कुणी आलेलं नाही. जून १९४७ मध्ये घटना समितीनं झेंडा ठरवायला समिती नेमली. राजेंद्रप्रसाद अध्यक्ष. आझाद, सरोजिनी नायडू, राजगोपालाचारी, मुन्शी अन् त्यांच्याबरोबर बाबासाहेब. २२ जुलै १९४७ ला घटना समितीनं झेंडा मान्य केला, तेव्हा चरख्याच्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरचं चक्र आलेलं होतं. चोवीस आऱ्यांचं धम्मचक्र. तेव्हा झेंडा आपल्याला दुसऱ्या कुणाच्या हातून उसना घ्यायचा नाही. बिनधास्त धाव.

पोरगा खुश होऊन गेला. पण मला मात्र रात्री झोप आली नाही. आपण पोराला झेंड्याचा इतिहास सांगितला, पण त्यानं विचारलेल्याच्या खाली जो सवाल होता त्याला हातच लावला नाही, असं वाटत राह्यलं.

तो सवाल माझाही जुना आहे. १९९७ साली स्वातंत्र्याला ५० वर्षं झाली. गावोगाव मिरवणुका, प्रभातफेऱ्या, दौडी. तेव्हा मी पळण्याच्या वयात होतो अन् मलाही कुणीतरी सांगितलं होतं, १५ ऑगस्टला झेंडा घेऊन पळ. त्याच्या आधी महिनाभर, ११ जुलै १९९७ ला, घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले अन् राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या घातल्या. दहा माणसं मेली. त्यांच्या गणवेशावर कुठला झेंडा होता? मी म्हणालो, मी नाही पळणार. आई चुलीपाशी होती. तिनं मान वर न करता विचारलं, "झेंड्यानं काय केलं रं?"

मला उत्तर देता आलं नाही. मी पळालो नाही ते नाहीच, त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. पण आयेचा सवाल बरोबर होता. गोळी झेंड्यानं घातली नाही. झेंडा वर धरून खाली काय काय चालतं, हा मुद्दा आहे.

हेच राजा ढाल्यांनी १९७२ साली विचारलं होतं. १५ ऑगस्ट १९७२ च्या 'साधना' मधला त्यांचा 'काळा स्वातंत्र्य दिन' हा लेख. स्वातंत्र्याचं पंचविसावं वर्ष होतं अन् पँथर नुकतीच जन्माला आली होती. लेखातली भाषा भद्र लोकांना झोंबली, गदारोळ झाला, अन् त्या गदारोळात मूळ सवाल कुणी ऐकलाच नाही. सवाल साधा होता : देशाच्या प्रतीकाचा अपमान केला तर शिक्षा मोठी अन् दलित बाईच्या अब्रूला हात घातला तर शिक्षा चिल्लर, हे कसं? भाषा बाजूला ठेवा, कायद्याची पुस्तकं काढा. अस्पृश्यता गुन्हे कायदा १९५५ चा. विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, हॉटेलात घेतलं नाही, तर कैद जास्तीत जास्त सहा महिने, किंवा नुसता पाचशेपर्यंत दंड भरून सुटका. राष्ट्रीय प्रतीकांच्या अपमानाचा कायदा १९७१ चा. झेंडा फाडला, जाळला, तुडवला तर तीन वर्षांपर्यंत. म्हंजे कापडाची किंमत तहानेच्या सहापट! पुढं १९८९ ला ॲट्रॉसिटीचा कायदा आला, शिक्षा वाढल्या, ते खरं. पण ढाल्यांनी लिहिलं तेव्हा कायद्याचा तराजू असा होता, अन् तो तराजू बनवणारी माणसं झेंड्याला सलाम करणारीच होती.

तरी मी पोरांना ढाल्यांचा लेख पुन्हा वाचा असं सांगेन, पण त्यातला राग तसाच्या तसा अंगात घालू नका म्हणेन. तो राग त्या वर्षाचा होता. आपल्याला आपल्या वर्षाचं काम आहे.

आता मूळ मुद्दा. दौड म्हंजे काय? एक माणूस एकटा धावला तर ती शर्यत नाहीतर व्यायाम. दौड होते ती काठी एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा. देणारा पाह्यजे अन् घेणारा पाह्यजे. दोघांचे हात एका क्षणाला एकाच काठीवर असतात, घामाचे, धुळीचे. म्हंजे ह्या खेळाचा प्राण शिवण्यात आहे. हजारो वर्षं ज्या देशानं कुणी कुणाला शिवायचं नाही ह्याचं शास्त्र लिहून ठेवलं, त्या देशात असली दौड निघते ही साधी गोष्ट नाही. ती मला चांगलीच वाटते. कुणी ह्याला नाटक म्हणेल, मी म्हणणार नाही.

पण शिवायला काय हरकत नाही अशा वस्तू आपल्या शास्त्रात पहिल्यापासून होत्या हो! आमच्या हातचं लाकूड चालायचं. गवताचा भारा चालायचा. सरकारी टपाल, मयताची चिठ्ठी आम्हीच पळत पळत गावोगाव न्यायचो. महाराचं पळणं ह्या मुलखाला नवीन नाही. पळून आणलेला सांगावा घ्यायचे, अन् पळून आलेल्याला पाणी वरून घालायचे. ओंजळ खाली, तांब्या वर, मध्ये वीतभर हवा. त्या वीतभर हवेत सगळा धर्म राहायचा. तेव्हा आमच्या हातातली काठी घेतली म्हणून आम्हाला घेतलं असं होत नाही. कसोटी काठीची नाही. कसोटी पाण्याची आहे.

१९२३ सालचंच घ्या. त्या वर्षी नागपूरला झेंडा सत्याग्रह झाला. सरकारनं सिव्हिल लाइन्सकडं झेंडा न्यायला बंदी केली, तर मे महिन्यापासून देशभरातले स्वयंसेवक टोळ्या टोळ्यांनी येऊन झेंडा घेऊन चालायचे, पकडले जायचे, मागची टोळी पुढं व्हायची. जमनालाल बजाज आत गेले, मग वल्लभभाई पटेल आले. शेकडो माणसं तुरुंगात गेली. म्हंजे झेंड्याची दौडच म्हणा की. ऑगस्टात सत्याग्रह संपला. अन् त्याच ऑगस्टात, ४ तारखेला, इकडं मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोल्यांचा ठराव पास झाला : सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करा. दोन्ही एकाच महिन्यात. झेंड्यासाठी लोक तुरुंगात गेले. पाणवठ्याच्या ठरावासाठी कोण गेलं? महाडच्या नगरपालिकेनं १९२४ साली ठराव केला, तळं खुलं. कागदावर. प्रत्यक्षात २० मार्च १९२७ ला बाबासाहेब स्वतः जाऊन ओंजळीनं पाणी प्याले तेव्हा डोकी फुटली आमची, अन् नंतर तळं शुद्ध करायला १०८ घागरी शेण-गोमूत्र-दूध-दह्याच्या ओतल्या. वीतभर हवा पुन्हा जागेवर आणली.

त्याच डिसेंबरात दुसऱ्या परिषदेला बाबासाहेब मुंबईहून महाडला गेले ते ह्या रस्त्यानं नव्हे. बसवाल्यांचा भरवसा नव्हता. समुद्रानं बोटीत बसून दासगावला उतरले अन् तिथून चालत महाड. मंडपाला जागा दिली ती फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थानं. आज ज्या हायवेवरून आपण झेंडा घेऊन पळतो तो रस्ता तेव्हा आपल्याला असा होता. म्हणून पोरांनो, रस्ता कुठल्या तालुक्यातून जातो त्याच्याइतकंच तो कुणाच्या उंबऱ्यापाशी थांबतो ते बघत जा.

अन् पनवेलचा उंबरा तर आपल्याला ठाऊकच आहे. सोनबा येलव्याची गोष्ट पनवेलच्या पोरांना वेगळी सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. पनवेलची माणसं ती अशी सांगतात : बाबासाहेब इथून जात होते, तहान लागली, नाक्यावर कुणी पाणी दिलं नाही. सोनबा तिथला हमाल. त्याला उशिरा कळलं, गाडी निघून गेली. मग तो रोज पाण्याचा माठ भरून नाक्यावर उभा राहू लागला. बाबासाहेब परत ह्या वाटेनं येतील, तेव्हा माझ्या हातचं पाणी पितील. वर्षानुवर्षं उभा राह्यला. गाडी परत थांबली नाही. सोनबा वाट बघतच मेला.

लोक ही गोष्ट ऐकून डोळे पुसतात. मला ती भक्तीची गोष्ट वाटत नाही. एक माणूस टप्प्यावर उभा आहे, हातात द्यायची वस्तू आहे, अन् घेणारा यायचाय. दौडीत उभा राहणाऱ्या पोराचं हेच तर काम. फरक इतकाच की सोनबाच्या हातात झेंडा नव्हता, माठ होता.

म्हणून ह्या वेळी आम्ही ठरवलं, नुसतं धावायचं नाही. आपला टप्पा संपतो तिथं, पनवेलच्या तोंडाशी, पाण्याची सोय आपण करायची. बायांनी दोन माठ आणले, लाल फडकी भिजवून गुंडाळली, स्टीलचे ग्लास घासून ठेवले. मागं बाबासाहेबांचा फोटो, पंचशीलाचा ध्वज. रुमाल नाही ना चालत, मग मंडप तर आपला!

दौड आली. खरं सांगतो, अंगावर काटा आला. पुढं झेंडा अन् तो धरून आमचा पोरगा. घामानं निथळलेला, झेंडा एकदम सरळ, नियमाप्रमाणं. त्याच्या मागं तीसएक जण. पुढच्या टुकडीच्या पोरानं काठी घेतली, आमच्याला मिठी मारली, सेल्फी झाला, जयहिंद झालं, 'जयभीम' पण झालं. अन् मग पाणी.

वस्तीतल्या एकानं मोजलं. अकरा जण माठापाशी आले अन् प्याले. त्यातला एकजण तर तीन ग्लास प्याला अन् बायांना म्हणाला, "मावशी, माठातलं गार पाणी कुठं मिळतं आता." बाकीचे मागच्या टेम्पोकडं गेले. टेम्पोत बाटल्या होत्या. ज्यानं मिठी मारली तोही टेम्पोकडं गेला.

रात्री पोरं माझ्याकडं. "बघितलंत काका? झेंडा घेतला, पाणी नाही घेतलं." एकजण चिडून रडायला आला होता.

मी विचारलं, तुला कसं कळलं जातीमुळं नाही घेतलं? धावणाऱ्या पोरांना बाहेरचं पाणी पिऊ नका म्हणून सांगतात. पोट बिघडतं. काहींना माठ दिसलाच नसेल. काहींना गार नको असेल. तू स्वतः लग्नाला गेलास की बाटली शोधतोस का नाही? पोरं गप्प. कारण खरंच कळायला मार्ग नाही. पूर्वी बरं होतं असं म्हणवत नाही, पण पूर्वी कळायचं तरी. वळचणीला आमची कपबशी वेगळी ठेवलेली असायची, दांडी तुटलेली. आता सगळ्यांचीच बाटली वेगळी. त्यामुळं आमची कुठली वेगळी ते कुणाला बोट ठेवून दाखवता येत नाही. अन् दाखवता येत नाही म्हणून संशय आतल्या आत कुजतो. समोरचा निर्दोष असला तरी आपण त्याला गुन्हेगार धरतो, दोषी असला तरी तो निर्दोष ठरतो. असं कसं जगायचं माणसानं?

माझं म्हणणं असं. समोरच्याच्या मनात शिरायचं काम सोडून द्या. ते आपल्याला जमणार नाही, अन् जमलं तरी त्यानं काही होणार नाही. महाडला बाबासाहेबांनी सवर्णांची मनं तपासली नाहीत. कुणाच्या मनात किती विटाळ आहे ह्याची खानेसुमारी केली नाही. तळं खुलं आहे का नाही एवढंच विचारलं, तळ्यावर गेले, अन् नंतर दहा वर्षं कोर्टात लढून १७ मार्च १९३७ ला हायकोर्टाचा निकाल घेतला. मन खासगी असतं, पाणवठा सार्वजनिक. ह्या दौडीत काय चुकलं? तो पोरगा चुकला असेल, नसेल. चुकली ती सोय. मुंबईपर्यंतचं पाणी टेम्पोत भरून घेतलं की वाटेतल्या एकाही वस्तीकडून काही घ्यायची गरज उरत नाही. टाळ्या घ्यायच्या, फोटो घ्यायचे, पुढं जायचं. मग देश बघितला म्हणायचं, पण देशाच्या हातचं घोटभर पाणी न पिता. टेम्पो नसता तर तीसच्या तीस माठापाशी आले असते, निदान कोण येत नाही ते तरी दिसलं असतं. तेव्हा मागणी करायची ती ही : पुढच्या वर्षी पाणी वाटेतल्या वस्त्यांनी द्यायचं. आगरी पाड्यानं, कोळीवाड्यानं, बौद्धवाडीनं, मोहल्ल्यानं. हे मंडळाला लिहून द्या. नाही म्हणाले तर का नाही ते त्यांना लिहून द्यायला सांगा.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावलं होतं की २६ जानेवारीपासून आपण विसंगतीच्या जगण्यात पाऊल टाकतोय, राजकारणात समान अन् समाजात असमान. त्याच भाषणात त्यांनी जातींना राष्ट्रविरोधी म्हटलं अन् बंधुतेशिवाय स्वातंत्र्य-समता म्हंजे वरवरचा रंग, असं सांगितलं. बंधुता कायद्यानं आणता येत नाही असं आपण म्हणतो अन् हात झटकतो. पण बंधुतेला वाट करून देणारी सोय तर करता येते? किंवा तिला अडवणारी मोडता येते? तमिळनाडूत तिरुवल्लूर जिल्ह्यात आत्तुपाक्कम गावची पंचायत अध्यक्ष अमुर्तम, दलित बाई. १५ ऑगस्ट २०२० ला तिला झेंडा चढवू दिला नाही. बोंबाबोंब झाली, तेव्हा २० तारखेला कलेक्टर स्वतः गेले अन् तिच्या हातून झेंडा चढवला. गावाचं मन पाच दिवसांत बदललं असेल? मुळीच नाही. पण दोरी तिच्या हातात आली. २०२२ साली तर तिथल्या मुख्य सचिवांना सगळ्या कलेक्टरांना पत्र काढावं लागलं की दलित अध्यक्षांना झेंडा चढवू द्या. पत्र काढावं लागलं ही लाज आहे, निघालं हे काम आहे.

हे सगळं मी पोरांना सांगत होतो अन् पोरं माना डोलवत होती. तेवढ्यात माझीच जीभ अडखळली. का, ते आता सांगतो. सांगितल्याशिवाय हा लेख खोटा.

मोजणारा पोरगा, ज्यानं अकरा मोजले, तो दोन वर्षांपूर्वीच्या भीमज्योतीत होता. १४ एप्रिलला आपली पोरं महाडहून ज्योत आणतात, ह्याच रस्त्यानं. मी मागच्या टेम्पोत होतो, कारण गुडघे. एप्रिलचं ऊन, कर्नाळ्याच्या अलीकडं डोंगराच्या अंगाला एक कातकरवाडी आहे. आपलं पाणी संपलं होतं. रस्त्याच्या कडेनं एक कातकरी पोर डोक्यावर हंडा घेऊन चाललेली. थांबली. ज्योत बघायला थांबली असेल. एकजण म्हणाला, तिच्याकडचं पिऊया. अन् हा पोरगा म्हणाला, "नको रे, पुढं हॉटेल आहे."

मी ऐकलं. मी काही बोललो नाही. टेम्पो पुढं गेला. हॉटेलात पोरं पाणी प्याली.

त्यालाही सबब होती की. डबक्याचं पाणी असेल, पोट बिघडेल. खरीच असेल सबब. पण मी जी दया मंडळाच्या पोरांना दाखवली ती मला त्या पोरीच्या जागी उभं राहून दाखवता येत नाही. अन् आपली ज्योत त्या वाडीपाशी कधी थांबली? कधीच नाही. चिरनेरला अक्कादेवीच्या डोंगरावर २५ सप्टेंबर १९३० ला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, त्यात मेलेल्यांत एक नाव नवश्या महादेव कातकरी आहे. झेंडा घेऊन पळणारे शिरढोणला वासुदेव बळवंत फडक्यांना हार घालतात, घालू द्या. फडक्यांना तालीम दिली त्या लहुजी वस्तादांचं नाव तिथं कोण घेतं, हे आपण विचारतो अन् बरोबर विचारतो. पण नवश्याच्या जातीच्या वाडीवरून आपण बाबासाहेबांची ज्योत घेऊन न थांबता जातो, हे आपल्याला कोण विचारणार? ते कोण विचारत नाही म्हणूनच आपण विचारलं पाह्यजे. बामणाला विचारायचे सवाल आपल्याला पाठ आहेत, स्वतःला विचारायचे शिकायचेत.

पोराला मी हे सगळ्यांदेखत सांगितलं नाही. नंतर एकट्याला सांगितलं. तो लाल झाला. म्हणाला, "काका, मला आठवतंय. मला वाटलं तुम्हाला ऐकू गेलं नाही." मग दोघं बराच वेळ बसून राह्यलो.

मंडळाला पत्र लिहिलंय, अजून उत्तर नाही. पण ज्योतीचं आपल्या हातात आहे. ह्या १४ एप्रिलला वाडीपाशी थांबायचं, पाणी त्यांच्याकडचं, अन् तिथून पुढचा टप्पा वाडीतल्या पोरांनी धावायचा, असं बैठकीत ठरलं. ह्या वेळी एकाच बैठकीत ठरलं. मागच्या आठवड्यात आम्ही चौघं वाडीवर सांगायला गेलो. अर्धी घरं बंद, माणसं वीटभट्टीवर. एक म्हातारी होती, तिच्यापाशी बसलो. सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "देऊ की पाणी. पण चैतात झरा आटतोय, लांबच्या विहिरीवरनं आणावं लागतंय. किती जण येणार तुम्ही?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं. पन्नाससाठ तरी होतात.

रविवारी पोरं जाऊन विहीर बघून आली. उतरायला पायऱ्या नाहीत, कठडा ढासळलाय. वाडीत नळाचा पाइप टाकलेला आहे, त्याला पाणी नाही. अर्ज लिहायला घेतलाय, सह्या गोळा करतोय. अन् त्या दिवशी विहिरीवरून हंडे आणायला आपल्यातली दहा पोरं आधी जाणार, असं ठरलंय. हंडे म्हातारी देणार आहे.